वहीत नसलेले संशोधन

विज्ञान प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी बाजारातून आणलेला थर्माकोलचा ज्वालामुखी आम्ही दरवर्षी पाहतो आणि बहुधा त्यालाच बक्षीस देतो. परीक्षक या नात्याने त्या दोषाचे वाटेकरी आम्हीही आहोत.

चंद्रपूर जिल्ह्यातील नागभीड तालुक्यात नांदेड नावाचे खेडे आहे (मराठवाड्यातील नांदेड वेगळे). तेथील दादाजी रामाजी खोब्रागडे हे जेमतेम तिसरीपर्यंत शिकलेले अल्पभूधारक दलित शेतकरी. १९८३ साली 'पटेल ३' धानाच्या शेतात त्यांना काही लोंब्या पिवळसर, निराळ्या दिसल्या. त्यांनी त्या वेगळ्या राखल्या, पुढील हंगामात वेगळ्या पेरल्या, त्यांतून पुन्हा निवड केली. असे कित्येक हंगाम गेले, तेव्हा बारीक दाण्याचे वाण हाती आले. त्या काळच्या लोकप्रिय घड्याळावरून त्याचे नाव पडले 'एचएमटी'. कृषिशास्त्रात यालाच निवड पद्धती म्हणतात. दादाजींची प्रयोगशाळा म्हणजे बांधालगतचा वाफा.

पुढे १९९८ मध्ये पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने 'पीकेव्ही एचएमटी' हे वाण प्रसारित केले. मूळ बियाणे आपले, हे दादाजी अखेरपर्यंत सांगत राहिले. शेतकऱ्याला स्वतःच्या वाणावर हक्क देणारा कायदा झाला २००१ मध्ये. २००५ साली राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठानने त्यांचा गौरव केला. ३ जून २०१८ रोजी ते गेले, तेही विपन्नावस्थेत.

इतिहासाचे विद्यार्थी म्हणून आम्हाला सवय पुराव्याची. ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या अक्षरापासून दूर ठेवले, त्यांच्याकडे लेखी पुरावा मागणे हा दुहेरी अन्याय आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे. परंतु आज आपल्या मुलांच्या हाती वही आहे, आणि तीत आपण त्यांच्याकडून उत्तरेच उतरवून घेतो.

हाटकेशच्या औद्योगिक गाळ्यांत लेथवर, वेल्डिंगवर राबणारे पालक अडलेले यंत्र स्वतःच्या अकलेने चालते करतात. 'जुगाड' म्हणून ते हसण्यावारी नेलेले आम्हाला रुचत नाही. अशा पालकांनी महिन्यातून एक शनिवार वसतिगृहातील मुलांना द्यावा. माजी विद्यार्थ्यांनी चषकांऐवजी जुन्या मोटारी, बिघडलेले पंखे, एखादा मल्टिमीटर पाठवावा. आणि प्रदर्शनातील निम्मे गुण रोजनिशीला असावेत: तारीख, मोजमाप, काय फसले, त्यानंतर काय बदलले.

ज्वालामुखी आणला तरी आमची हरकत नाही. मात्र तो कितव्या प्रयत्नात फसफसला, हे वहीत दिसले पाहिजे.