आय-सेव्हन आहे ना?

कमी पैशात गेमिंग पीसी जोडायचा म्हटलं की आपल्याकडे पहिला प्रश्न ठरलेला. "आय-सेव्हन आहे ना?" दुसरा प्रश्न, "ग्राफिक्स कार्ड किती जीबीचं?" तिसऱ्या प्रश्नापर्यंत गाडी सहसा पोचत नाही, तोवर दुकानदाराने बिल फाडायला घेतलेलं असतं. माझं मत विचाराल तर पहिला प्रश्न असा हवा: मॉनिटर कोणता, आणि त्यावर खेळणार काय?

थोडी आकडेमोड करू (सवय जात नाही हो). फुल एचडी मॉनिटर म्हणजे १९२० गुणिले १०८०, म्हणजे साधारण २०.७ लाख ठिपके. २५६० गुणिले १४४० वाला घेतला तर ३६.९ लाख. फोर-के म्हणजे ८२.९ लाख, फुल एचडीच्या बरोब्बर चौपट. हे ठिपके रंगवायचं काम ग्राफिक्स कार्डाचं. गोळी कोणाला लागली, कोण कुठल्या भिंतीमागे लपलंय, ही हिशेबाची कामं प्रोसेसरची. पडदा केवढा आहे याच्याशी प्रोसेसरला फारसं देणंघेणं नाही. मॉनिटर ६० हर्ट्झचा असेल तर दर १६.७ मिलिसेकंदांनी एक ताजं चित्र लागतं. १४४ हर्ट्झचा असेल तर दर ६.९ मिलिसेकंदांनी.

आता घरात पोळ्या चालल्यात असं समजा. एक जण लाटतोय, दुसरा भाजतोय. प्रोसेसर लाटणारा, कार्ड भाजणारं. ताटात पोळी किती वेगाने पडणार हे दोघांतला जो हळू आहे तो ठरवतो. लाटणारा मिनिटाला चार लाटत असेल तर शेजारी हॉटेलातला भलामोठा तवा आणून ठेवला तरी मिनिटाला चारच पोळ्या. यालाच जालावर लोक 'बॉटलनेक' म्हणतात आणि त्यावरून तावातावाने भांडतात.

भांडण फुकट आहे, कारण कोण हळू पडणार हे खेळावर ठरतं. व्हॅलोरंट किंवा काउंटर-स्ट्राइक २ फुल एचडीवर, सेटिंग्ज कमी ठेवून खेळलात तर भाजायला फारसं नसतंच, सगळा भार लाटणाऱ्यावर. तोच पीसी, तोच मॉनिटर, आणि लावा सायबरपंक २०७७ सगळी रोषणाई चालू करून. आता कार्डाला घाम फुटतो आणि प्रोसेसर लाटलेल्या पोळ्या हातात घेऊन उभा. मग दोन भागांची नावं टाकली की 'तुमचा बॉटलनेक १४ टक्के' असं सांगणारी ती जी कॅल्क्युलेटरं आहेत, त्यांना काय अर्थ उरला? खेळ विचारला नाही, मॉनिटर धड विचारला नाही, टक्के मात्र काढले. आमच्याकडे कोणी कोड न चालवता असा परफॉर्मन्स रिपोर्ट दिला तर त्याला चहासुद्धा मिळणार नाही.

स्वतःच्या पीसीवर तपासायचं असेल तर रेझोल्यूशन खाली आणून बघा. एफपीएस वाढले तर कार्ड कमी पडत होतं. जागचे हलले नाहीत तर प्रोसेसर. आणि हो, कार्डाचा वापर ९८-९९ टक्के दिसला की लोक घाबरून फोन करतात. अहो, खेळताना कार्ड पूर्ण राबतंय, त्याचेच तर पैसे दिलेत!

हे सगळं डोक्यात का आलं, तर माझा एक मावसभाऊ. नाशिकला इंजिनियरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. दोन वर्षं दहावीच्या पोरांच्या शिकवण्या घेऊन ७० हजार जमवलेले, त्यातच मॉनिटर बसवायचा. कॉलेजच्या टीमकडून व्हॅलोरंट खेळतो, बाकी वेळात जीटीए. २०२५ च्या दिवाळीत त्याने मला एक कोटेशन पाठवलं: "दादा, हे बघ. आय-सेव्हन, १६ जीबी रॅम, ४ जीबी ग्राफिक्स कार्ड, मॉनिटरसकट ३२ हजार. उरलेल्या पैशात काय काय होईल!"

बघितलं. प्रोसेसर आय-सेव्हन २६००. हा २०११ सालचा आहे. जुन्या हापिसांमधून निघालेले असे प्रोसेसर नव्याकोऱ्या दिसणाऱ्या एच-६१ बोर्डांवर बसवून, कॅबिनेटमध्ये चार रंगीत पंखे लावून विकले जातात. चार कोर, आठ थ्रेड. बरोबर तेवढेच कोर आणि तेवढेच थ्रेड २०२२ मध्ये आलेल्या आय-थ्री १२१००एफ मध्ये आहेत, आणि तो धाकटा या थोरल्याला सहज मागे टाकतो, कारण मधल्या अकरा वर्षांत एकेका कोरचा वेग कुठल्या कुठे गेला. कार्ड होतं जीटी ७३०, २०१४ सालचं. त्यावर ४ जीबी मेमरी असली काय नि नसली काय, ती भरेल इतकं काम त्या चिपला झेपतच नाही. छोट्या दुकानाला भलंमोठं गोदाम.

इथपर्यंत तरी 'चालेल, हळू चालेल' म्हणता आलं असतं. पण विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि विंडोज ११ ला अधिकृतपणे इंटेलची साधारण आठवी पिढी आणि टीपीएम २.० लागतं. विंडोज ११ वर व्हॅलोरंटची चीटिंग रोखणारी यंत्रणासुद्धा टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट मागते. म्हणजे ज्या खेळासाठी पोरगं दोन वर्षं फळ्यासमोर उभं राहिलं, तो खेळ ह्या पीसीवर विंडोज ११ मध्ये सुरूच झाला नसता. दुकानदाराला फोन करून विचारलं, तर म्हणाला, "साहेब, आय-सेव्हन आहे, सगळं पळतं." खोटं बोलतोय असंही वाटलं नाही. लोक जे विचारतात ते तो शेल्फवर ठेवतो.

नावांचा हा घोळ जुनाच आहे म्हणा. २००२ च्या जीफोर्स ४ एमएक्समध्ये नावात ४ होता, आत जीव जीफोर्स २ चा. जीटी १०३० ची डीडीआर४ वाली आवृत्ती २०१८ मध्ये आली. नाव तेच, मेमरीचा वेग सेकंदाला ४८ जीबीवरून १६.८ वर. तेव्हा खोक्यावरचं मोठं अक्षर वाचून झालं की बारीक अक्षरही वाचत चला.

बरं, दुकानदार सोडा, आपण जाणकार, परीक्षणं वाचून घेतो म्हणाल, तर तिथेही एक गंमत आहे. ग्राफिक्स कार्ड तपासताना परीक्षक मुद्दाम बाजारातला सगळ्यात वेगवान प्रोसेसर लावतात, म्हणजे जे काही कमी पडेल ते कार्डच पडेल. तपासणी म्हणून हे अगदी योग्य. पण तुमच्या घरी तो प्रोसेसर नाही. इंटेलचं आर्क बी५८० डिसेंबर २०२४ मध्ये आलं, १२ जीबी, किंमत माफक, सगळीकडे वाहवा. जानेवारी २०२५ मध्ये काही लोकांनी ते जुन्या, स्वस्त प्रोसेसरांसोबत लावून बघितलं, तर बऱ्याच खेळांत ते धापा टाकायला लागलं, कारण त्याचा ड्रायव्हर प्रोसेसरकडून जास्त काम मागतो. स्वस्त कार्ड कोण घेणार? ज्याच्याकडे स्वस्त प्रोसेसर आहे तो. नेमकं त्याच्याच घरी तक्त्यातले आकडे मिळत नाहीत.

एएमडीचं आरएक्स ६५०० एक्सटी (जानेवारी २०२२) तर याहून वरचढ. या कार्डाला मदरबोर्डशी बोलायला फक्त चार लेन. बोर्ड पीसीआय-ई ४.० चा असेल तर सेकंदाला जवळपास ८ जीबीची वाट, ३.० चा असेल तर ४. कार्डावर मेमरी ४ जीबी, ती भरली की उरलेला माल ह्याच अरुंद वाटेने रॅममधून ओढायचा. हे कार्ड घेणाऱ्यांकडे बोर्ड कुठला असणार? जुनाच, ३.० चा. एवढंच कशाला, रायझन ५ ५५०० हा तुलनेने नवा प्रोसेसरसुद्धा ३.० वरच थांबतो. म्हणून मी म्हणतो, सुटा भाग चांगला की वाईट हे मला सांगता येत नाही. शेजारी कोण बसलंय ते सांगा, मग बोलू.

रॅमचं थोडक्यात. १६ जीबीची एक पट्टी घेण्यापेक्षा ८-८ च्या दोन. डीडीआर४ ३२०० ची एक पट्टी सेकंदाला २५.६ जीबी देते, दोन चॅनेलांत दोन लावल्या की ५१.२. आणि बायोसमध्ये जाऊन एक्सएमपी चालू करा, नाहीतर ३२०० ची म्हणून घेतलेली रॅम बऱ्याचदा २१३३ किंवा २६६६ वर रांगत बसते आणि मालकाला वर्षभर पत्ता नसतो.

याचा फरक सरासरी एफपीएसमध्ये तितका दिसत नाही, अडखळण्यात दिसतो. आमच्या हापिसात सर्व्हरच्या वेगाची नुसती सरासरी सांगितली तर मॅनेजरसुद्धा हसतो. शंभरातली सगळ्यात रखडलेली विनंती किती रखडली, ते विचारतात. गेमिंगमध्ये हा विचार टेक रिपोर्टच्या स्कॉट वासन यांनी २०११ मध्ये नीट मांडला: सेकंदात किती चित्रं आली यापेक्षा प्रत्येक चित्राला किती वेळ लागला ते मोजा. आज त्यालाच 'वन पर्सेंट लो' वगैरे म्हणतात. शंभर एफपीएस सरासरी आणि नेमका समोरचा दिसला की पाव सेकंद गोठलेला पडदा... त्यापेक्षा सलग सत्तर परवडले.

आता माझा लाडका विषय, एसएमपीएस. याने एकही एफपीएस वाढत नाही, म्हणून बजेट वाढलं की पहिली कात्री इथे. ह्या एका भागाबाबत मी अजिबात ऐकून घेत नाही. बाकीचा भाग कमी प्रतीचा निघाला तर खेळ हळू चालतो. हा कमी प्रतीचा निघाला तर जाताना शेजाऱ्यांनाही घेऊन जाऊ शकतो. बरं, मोठा घ्या असंही म्हणत नाही. रायझन ५ ५६०० ठरलेल्या मर्यादेत ७६ वॉटपर्यंत जातो, आरएक्स ६६०० ला १३२ वॉट, बाकी बोर्ड, पंखे, एसएसडी यांना ५० धरा. २६० च्या आसपास. चांगला ५५० वॉटचा भरपूर झाला, हजार वॉटचा घेऊन काय गिझर चालवायचाय? 'चांगला' ओळखायला लेबलावर १२ व्होल्टच्या पुढचे अँपिअर वाचा आणि १२ ने गुणा. एका एसएमपीएसवर ४५० वॉट छापलेलं आणि १२ व्होल्टला १८ अँपिअर, म्हणजे २१६ वॉट! ८० प्लसचा शिक्का वीज किती वाया जाते ते सांगतो, शॉर्टसर्किट झाल्यावर आतली संरक्षणं काम करतील का ते सांगत नाही. त्यासाठी नावाजलेली कंपनी आणि लांब वॉरंटी. (लाइट जाते तिथे यूपीएस धरूनच हिशेब करा. ६०० व्हीए म्हणजे सहसा ३६० वॉट, मॉनिटरसकट गेमिंगला कसंबसं पुरतं.)

आणि 'फ्यूचर प्रूफ' हा शब्द ऐकला की पाकीट घट्ट धरा. महागडा प्रोसेसर आज घेऊन ठेवायचा, कार्ड पुढे बघू, असा तो सल्ला असतो. पुढे बघू म्हणणाऱ्यांना २०२१ ने काय दाखवलं आठवतंय ना? क्रिप्टोवाल्यांनी कार्डं उचलली आणि भाव छताला लागले. २०२५ च्या शेवटी तीच गत रॅमची. एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरी ओढून घेतली, भाव भडकले, आणि डिसेंबरमध्ये मायक्रॉनने तर क्रुशियल हा ग्राहकांसाठीचा धंदाच बंद करत असल्याचं जाहीर केलं. भविष्य ज्याला कळतं त्याने शेअर घ्यावेत, रॅम कशाला? टिकाऊपणा हवाच असेल तर तो सॉकेटमध्ये शोधा. २०१८ मध्ये एएम४ चा साधा बी-४५० बोर्ड आणि रायझन ५ २६०० घेतलेल्यांना बायोस अपडेट करून त्याच बोर्डावर २०२२ चा ५८००एक्स३डी बसवता आला.

मावसभावाचं म्हणाल तर, आधी १४४ हर्ट्झचा फुल एचडी मॉनिटर ठरला, मग आरएक्स ६६००, मग त्याला साजेसा रायझन ५ ५६००, साधा बी-५५० बोर्ड, ८-८ ची रॅम, एक टीबीची एसएसडी, आणि ५५० वॉटचा एसएमपीएस. कूलर प्रोसेसरसोबत येतो तोच. सगळ्यात मोठा वाटा कार्डाचा, त्याखालोखाल मॉनिटरचा. रंगीत पंख्यांवरून दोन दिवस अबोला होता, शेवटी जाळीदार पुढाचं साधं काळं कॅबिनेट आलं. भाव इथे देत नाही, शनिवारी लिहिलेले सोमवारी शिळे होतात. काकांनी बिल बघून एवढंच विचारलं, "सत्तर हजारात आय-फाइव्हसुद्धा नाही?"

पोराने त्यांना पोळ्यांचं उदाहरण दिलं म्हणे. मावशी म्हणाली, मग जरा लाटायला ये.