तिरप्या उजेडातला पत्रा

सुरतेहून हजिऱ्याकडे निघालेल्या माणसाला इच्छापोर ओलांडताना दोन उद्योगांचे दर्शन एकाच रस्त्यावर घडते. एकीकडे हिरे व दागिन्यांच्या कारखानदारीसाठी वसवलेला जेम अँड ज्वेलरी पार्क, तर समोरून साखळदंडांनी जखडलेल्या पोलादी पत्र्याच्या गुंडाळ्या घेऊन संथपणे येणारे ट्रेलर. हजिऱ्याचा हा पोलाद कारखाना पूर्वी एस्सार समूहाचा होता. डिसेंबर २०१९पासून तो आर्सेलर मित्तल आणि निप्पॉन स्टील यांच्या संयुक्त मालकीचा आहे. मोटारउद्योगाला लागणारा पत्राही तेथे तयार होतो. हिरा आणि पत्रा यांच्या किमतीत जमीन-अस्मानाचे अंतर असले, तरी दोन्ही धंद्यांना एकच प्रश्न सोडवावा लागतो : निर्दोष कशाला म्हणायचे? माझ्यासारख्या बालरोगतज्ज्ञाच्या टेबलासमोरही हाच प्रश्न रोज येऊन बसतो. म्हणून डॉक्टरांच्या स्मरणिकेत मोटारीच्या पत्र्यावर लिहिण्याचे धाडस करीत आहे. वाचक सांभाळून घेतीलच.

आमच्या आधीच्या पिढीतील डॉक्टर मंडळी फियाट किंवा अँबेसेडर घेत. गाडी सुरू झाली, दारे नीट लागली आणि पावसाळ्यात पाय भिजले नाहीत, की ती समाधानी असत. आज गाडी ताब्यात घेताना लोक मोबाइलचा दिवा लावून बोनेटवर वाकतात. अशांना नावे ठेवण्याची आपल्याकडे रीत आहे. मी ठेवणार नाही. दहा-वीस लाख रुपये मोजणाऱ्याने पाहावेच. मात्र जे दिसते त्याचा अर्थ लावायचा, तर पत्रा कसा घडतो हे थोडे ठाऊक असलेले बरे.

मोटारीचा बाहेरचा पत्रा जेमतेम पाऊण मिलिमीटर जाडीचा असतो. प्रचंड दाबाच्या प्रेसखाली साच्यात तो आकार घेतो. पण साचा उघडताच किंचित मागे उसळतो. पोलादाला आपली जुनी सपाटी आठवते म्हणा ना! दाराच्या मुठीसाठी जेथे खोलगट वाटी काढलेली असते तिच्या भोवती, पेट्रोलच्या झाकणाच्या कडेला, छताखाली जेथे आधाराची पट्टी चिकटवलेली असते त्या जागी, मिलिमीटरच्या काही शतांशांएवढा उंचसखलपणा राहून जातो. सवय नसलेल्या हाताला तो लागत नाही. परंतु त्यावर चकचकीत रंग चढला की पत्र्याचा आरसा होतो आणि त्यात पडलेली ट्यूबलाइटची सरळ रेघ त्या जागी नागमोडी होते. आपण पाहतो ते प्रतिबिंबाचे वाकडेपण, आणि त्यावरून पत्र्यातील लहरीचे अनुमान करतो. काळ्या गाडीवर लहर लगेच दिसते, पांढऱ्या गाडीवर सहसा दिसत नाही. पांढऱ्या गाडीचा पत्रा अधिक सरळ असतो असा समज मात्र कोणी करून घेऊ नये.

रंगाच्या थरालाही स्वतःची त्वचा असते. फवारलेला रंग पूर्ण पसरण्याआधी आळला, तर पृष्ठभागावर बारीक खळगे राहतात. गाड्यांच्या व्यवसायात त्याला ‘ऑरेंज पील’, संत्र्याची साल, म्हणतात. स्तनाच्या कर्करोगात त्वचेला येणारे जे रूप आपण ‘पो द’ओराँज’ या फ्रेंच नावाने पाठ केले, त्याचाही अर्थ तोच. एकाच उपमेचा एका ठिकाणी अर्थ ‘फवाऱ्याचा दाब तपासा’, आणि दुसऱ्या ठिकाणी ‘उद्याच बायॉप्सी करा’. खळगे काय सांगतात, हे खळग्यांवर नव्हे, ते कोठे आहेत यावर ठरते.

पुण्याच्या तांबट आळीतील कारागीर तर तांब्याच्या घंगाळावर हातोडीने एकसारखे खळगे मुद्दाम उमटवतात. त्या मठारकामाने धातू कणखर होतो आणि भांडे देखणे दिसते. तेथे सपाट राहिलेली जागा हा दोष ठरेल.

आता पाहावे कसे? समोर उभे राहून पत्र्याकडे टक लावण्याचा उपयोग नाही. गाडीच्या कडेला, मागच्या दिव्यापाशी खाली बसावे आणि पत्र्याच्या लांबीवरून नजर सरकवावी. उजेड तिरपा हवा. कारखान्यात रंगापूर्वी उघड्या पत्र्यावर तेल फासून पट्ट्यापट्ट्यांच्या दिव्यांखाली तो तपासतात. किंवा सपाट दगडाने हलके घासतात, म्हणजे उंचवट्यावर चरे उमटतात आणि खळगा कोरा राहतो. पोचे काढणारे कुशल कारागीरही रेघांची प्रकाशफळी समोर ठेवून काम करतात. आपल्याला हे नवीन वाटू नये. तीन ते सहा आठवड्यांचे बाळ दूध पिऊन कारंज्यासारखी उलटी करते तेव्हा पायलोरिक स्टेनोसिसची शंका घेऊन आपण त्याला उजेडाच्या बाजूला आडवे करतो, दूध पाजतो, आणि पोटाच्या पातळीवर डोळे आणून बाळाच्या डावीकडून उजवीकडे सरकणारी लाट शोधतो. सोनोग्राफीमुळे ही कला मागे पडली आहे, ही माझी जुनी तक्रार. ती पुन्हा केव्हातरी.

दुसरा नियम त्याहून मोलाचा : दुसरी बाजू पाहावी. दुखऱ्या गुडघ्याला हात लावण्यापूर्वी बरा गुडघा पाहायला आपल्याला पहिल्याच वर्षी शिकवलेले असते. गाडीलाही दोन बाजू आहेत. मंडळातील एका शल्यचिकित्सक मित्राने काही वर्षांपूर्वी गडद निळी गाडी घेतली. दसऱ्याची संध्याकाळ, हार, पेढे, फोटो. दोन दिवसांनी सोसायटीच्या तळघरात त्याला डाव्या मागच्या भागावर ट्यूबलाइटची रेघ थरथरताना दिसली. विक्रेत्याचे उत्तर ठरलेले : “साहेब, एटलुं तो होय ज.” मित्राने वाद घातला नाही. उजवी बाजू पाहिली, रेघ सरळ. त्याच मॉडेलच्या आणखी दोन गाड्या पाहिल्या, दोन्हीकडे सरळ. मग रंगाची जाडी मोजणारे छोटे यंत्र मिळवले. कारखान्यातील सगळे थर मिळून रंग साधारण १०० ते १५० मायक्रॉन भरतो. उजवीकडे तेवढाच होता, डावीकडे त्याच्या तिपटीहून जास्त. खाली लांबी भरलेली होती. गाडी विकण्यापूर्वीच कोठेतरी ठोकली जाऊन दुरुस्त झाली होती. पत्रव्यवहार बराच झाला, पण गाडी बदलून मिळाली.

याच मंडळातील दुसऱ्या एका स्नेह्यांना आपल्या काळ्या गाडीच्या चारही मुठींभोवती लहरी दिसल्या. त्या डावी-उजवीकडे सारख्या होत्या, त्या मॉडेलच्या प्रत्येक गाडीला होत्या. म्हणजे साच्यातून आलेल्या होत्या. हे त्यांना दाखवूनही पटले नाही. आठ महिने त्यांनी त्या गाडीत बसण्यापेक्षा तिच्याभोवती फिरण्यात अधिक वेळ घालवला आणि शेवटी तोटा सोसून ती विकली. दोघांचेही डोळे सारखेच तीक्ष्ण होते.

या विषयावरचा जगातील सर्वांत गाजलेला खटला एका डॉक्टरचाच आहे. अमेरिकेतील अलाबामा राज्यातल्या बर्मिंगहॅम शहरी डॉ. आयरा गोर यांनी जानेवारी १९९० मध्ये काळी बीएमडब्ल्यू घेतली. किंमत चाळीस हजार डॉलरांहून थोडी अधिक. नऊ महिने त्यांना काही खटकले नाही. गाडी आणखी चमकवावी म्हणून ती एका कारागिराकडे नेली, तेव्हा तिचे काही भाग पुन्हा रंगवलेले आहेत हे त्याच्या नजरेने टिपले. जर्मनीहून येताना बहुधा आम्लवर्षेने रंग बिघडला होता आणि कंपनीने ६०१ डॉलर खर्चून तो नव्याने दिला होता. दुरुस्तीचा खर्च किमतीच्या तीन टक्क्यांहून कमी असेल तर ग्राहकाला कळवायचे नाही, असे कंपनीचे धोरण होते. ज्यूरीने नुकसानीचे चार हजार आणि दंडात्मक भरपाईचे चाळीस लाख डॉलर दिले. अलाबामाच्या सर्वोच्च न्यायालयाने दंड निम्मा केला. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २० मे १९९६ रोजी पाच विरुद्ध चार मतांनी तोही अवाजवी ठरवला, आणि पुढे तो पन्नास हजारांवर आला. कायद्याच्या विद्यार्थ्यांना दंडाच्या मर्यादेसाठी हा खटला शिकवतात. मला त्यातील तीन टक्क्यांचे धोरण महत्त्वाचे वाटते. कोठेतरी रेघ आखावीच लागते, हे कंपनीचे म्हणणे मला मान्य आहे. ती रेघ गिऱ्हाइकाला न सांगता आखली, हे मान्य नाही. खटला चालू असतानाच कंपनीने धोरण बदलून प्रत्येक दुरुस्ती कळवण्यास सुरुवात केली.

इच्छापोरच्या हिरेवाल्यांनी ही रेघ कशी आखली आहे पाहा. तेथे ‘फ्लॉलेस’ म्हणजे जाणकाराला दहा पट मोठे करून दाखवणाऱ्या भिंगातून ज्यात काही आढळत नाही तो हिरा. वीस पटींत काय दिसते हे कोणी विचारत नाही; दिसणारच असते काहीतरी. अमेरिकेतील जीआयए संस्थेची ही श्रेणीपद्धती १९५०च्या दशकापासूनची आहे. निर्दोषत्वाच्या व्याख्येतच भिंगाची शक्ती लिहिलेली, आणि घेणारा व देणारा दोघांनाही ती ठाऊक. आपल्या २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यातही ‘दोष’ म्हणजे केवळ उणीव नव्हे. कायद्याने, कराराने किंवा विक्रेत्याने स्वतः सांगितलेल्या दर्जाच्या तुलनेत असलेली उणीव. (१९९५च्या निकालापासून या कायद्याचे नाव काढले की डॉक्टरांचा चेहरा पडतो, तरीही ही व्याख्या वाचण्यासारखी आहे.)

आता माझ्या टेबलाकडे येतो. चार महिन्यांच्या बाळाचे डोके मागून एका बाजूला चपटे आहे, म्हणून आईवडील रात्रभर मोबाइलवर वाचून आलेले असतात. घरी मालीशवाल्या बाईने तोवर नाक ओढून, डोके दाबून आकार द्यायला सुरुवात केलेली असते. मोहरीची उशी आलेली असते. नवजात बाळाची स्तने पिळणाऱ्या बायका अजूनही आहेत आणि त्यातून झालेले गळू मी कापवून घेतले आहेत. माणसाच्या पिलाचे हे डेंटिंग-पेंटिंग थांबले पाहिजे. परदेशात हेच काम महागड्या हेल्मेटने होते. २०१४ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आलेल्या डच चाचणीत मध्यम ते तीव्र चपटेपणा असलेली ८४ बाळे होती. निम्म्यांना सहा महिने हेल्मेट, निम्म्यांना काहीच नाही. दोन वर्षांच्या वयात दोन्ही गटांच्या डोक्यांच्या आकारात दखलपात्र फरक नव्हता.

तरीही मी बाळाचे डोके वरून पाहतो. चपट्या बाजूचा कान पुढे सरकलेला असेल तर ती एका कुशीवर झोपण्याची खूण. कान मागे ओढलेला असेल तर कवटीचा सांधा अकाली जुळल्याची शंका घेऊन पुढे पाठवतो. पाठीच्या तळाशी असलेल्या खळीचेही तेच. गुदद्वारापासून अडीच सेंटिमीटरच्या आत, पाच मिलिमीटरहून लहान, एकटी खळी असेल तर ती साच्यातली. वर असेल, रुंद असेल, केसांचा झुबका असेल, तर सोनोग्राफी त्याच आठवड्यात. पाहण्यात आळस मी समर्थनीय मानत नाही. दिसलेल्या प्रत्येक लहरीला आजाराचे नाव देण्याची घाई मला त्याहून घातक वाटते, कारण गाडी विकता येते.

वाढीच्या तक्त्याबद्दल तर मंडळातील आम्हा बालरोगतज्ज्ञांनाच मी दोष देतो. जागतिक आरोग्य संघटनेचे २००६चे तक्ते सहा देशांतील निरोगी बालकांवर बेतलेले आहेत, आणि त्यांत भारतातील बालकेही होती. त्यातील तिसऱ्या शतमक रेषेच्या खाली, निव्वळ गणिताने, शंभरातली तीन निरोगी मुले असतातच. योगायोगाने येथेही आकडा तीनच! आपण आईला ‘रेषेच्या खाली आहे’ एवढे सांगतो. रेषा कशी आखली ते सांगत नाही. मग आई बुटकी, वडील बुटके आणि मूल आपल्या रेषेला समांतर मजेत वाढत असतानाही टॉनिक, रक्ततपासण्या, हाडांचे वय मोजणारे क्ष-किरण यांची रांग लागते. शेजारच्या मुलाशी तुलना तर जेवणाच्या प्रत्येक घासाला होते, आणि ती ऐकायला मूल तेथेच बसलेले असते.

आपण एवढे करू शकतो. तपासणीत वेगळेपण आढळले आणि ते निरुपद्रवी ठरले, तर फाइलवर तसे स्पष्ट लिहावे : ‘निर्दोष मर्मर, ऐकली, समजावले, पुन्हा तपासणीची गरज नाही.’ खाली सही आणि तारीख. मूल उद्या तापासाठी पांडेसऱ्याच्या किंवा अडाजणच्या दुसऱ्या डॉक्टरकडे गेले, तर त्याने तोच स्टेथोस्कोप लावून, तोच आवाज ऐकून, त्याच आईला पुन्हा इकोसाठी धाडू नये.