आधी ठाऊक असलेली बातमी

सहा जानेवारी जवळ आली की पत्रकार दिनाच्या कार्यक्रमांची निमंत्रणे येऊ लागतात. १८३२ साली याच तारखेला बाळशास्त्री जांभेकरांनी मुंबईत ‘दर्पण’ सुरू केले. आपण इंग्रजी शिकवणारी माणसे. त्या दिवशी आपण त्या पत्राचे एखादे पान नुसते निरखून पाहावे, असे मला मनापासून वाटते. पानावर दोन उभे स्तंभ आहेत. एकात इंग्रजी, शेजारी मराठी, आणि बराचसा मजकूर तोच. मराठी वाचणाऱ्याने नजर जराशी बाजूला नेली की नुकतीच कळलेली गोष्ट इंग्रजीत समोर येई. पत्र १८४० मध्ये थांबले, पण वर्तमानपत्राने दोन भाषा सांभाळायच्या ही रीत पुढेही टिकली. ‘इंदुप्रकाश’ची इंग्रजी बाजू न्यायमूर्ती रानड्यांनी पाहिली. १८८८ मध्ये निघालेल्या ‘सुधारक’ची इंग्रजी बाजू गोपाळ कृष्ण गोखल्यांनी पाहिली.

आज आपण वर्गात वर्तमानपत्र आणतो ते कसे, हे इंदूरच्या भंवरकुआँ भागातल्या कुठल्याही अभ्यासिकेत बसून पाहावे. खरगोन, बडवानी, बऱ्हाणपूरकडून आलेली मुले लोकसेवा आयोगाची नाही तर बँकेची तयारी करत असतात. समोर इंग्रजी पेपर, हातात रंगीत पेन, बाजूला वही. वहीत रोज पाच कठीण शब्द आणि त्यांचे अर्थ. ही सवय त्यांना आपणच लावली आहे. ‘पेपर वाच, शब्द काढ’ एवढेच सांगून आपण मोकळे होतो.

गेल्या पावसाळ्यात अशीच एक वही मी शेवटच्या पानापर्यंत वाचली. सातशेच्या वर शब्द, अक्षर देखणे, एकही दिवस चुकवलेला नाही. त्याच मुलाने सायकल चोरीला गेल्याचा अर्ज मला तपासायला दिला होता. अर्जात त्याने विनंती केली होती की त्या ‘मिस्क्रिअंट’ला लवकर ‘नॅब’ करावे. वर्गातल्या एका मुलीने स्वतःची ओळख लिहिताना बारावीत ब्याऐंशी टक्के ‘बॅग’ केल्याचे लिहिले. दोघांनीही शब्द पेपरातूनच घेतले होते आणि अर्थही बरोबर शिकले होते. चुकले ते आपले. शब्द कुठे राहतो, हे आपण त्यांना कधी सांगितलेच नाही.

सांगायला तर फार सोपे होते. मराठी पेपरात चोर ‘जेरबंद’ होतो, ‘गजाआड’ जातो. घरी आपण म्हणतो, चोर सापडला. मराठी पेपरात संघ करंडक ‘पटकावतो’, आणि शेजारणीला आपण सांगतो, आमच्या पिंट्याला पहिलं बक्षीस मिळालं. ‘नॅब’ म्हणजे जेरबंद आणि ‘बॅग’ म्हणजे पटकावणे, एवढे फळ्यावर लिहिले की मुलाला आपोआप कळते, कारण अर्जात ‘चोरट्यास जेरबंद करावे’ असे तो मराठीत कधीच लिहिणार नाही. हा कान त्याला घरातूनच मिळालेला आहे. मथळ्यातली क्रियापदेही तशीच. कालची घटना इंग्रजी मथळा वर्तमानकाळात सांगतो, उद्याची ‘टू’ लावून सांगतो, आर्टिकल गाळतो. चौकशीला ‘प्रोब’, वादाला ‘राउ’ असे आखूड शब्द तो निवडतो, कारण रकाना अरुंद असतो. (‘row’ या एकाच स्पेलिंगचा वादाच्या अर्थी उच्चार ‘राउ’ होतो आणि रांगेच्या अर्थी ‘रो’. म्हणून बातमी मोठ्याने वाचून दाखवणे आपण सोडू नये. डोळ्यांनी शिकलेला शब्द मुलाखतीत तोंडातून चुकीचा बाहेर येतो.) मथळा समजण्यासाठी शिकवावा. लिहिण्यासाठी मुलांना बातमीच्या दुसऱ्या-तिसऱ्या परिच्छेदात न्यावे. तिथले इंग्रजी शांत असते.

तिथे काय शोधायचे? माझे म्हणणे असे की सुटा शब्द शोधूच नये. शब्दाचा सोबती शोधावा. मराठीत संप पुकारतात आणि मागे घेतात, मोर्चा काढतात, उपोषणाला बसतात आणि उपोषण सोडतात, निवेदन देतात, गुन्हा दाखल करतात, खटला भरतात. यातले एक क्रियापद इकडचे तिकडे झाले तर पाचवीतले पोर हसेल. इंग्रजीत हेच घडते तेव्हा मात्र आपण लाल शाईने नुसता गोल करून पुढे जातो. ‘टुक बॅक द स्ट्राइक’ हे मी किती उत्तरपत्रिकांत वाचले असेल! मुलाने ‘मागे घेतला’चे प्रामाणिक भाषांतर केले होते. इंग्रजीत संप ‘कॉल ऑफ’ होतो. उपोषण ‘लीव्ह’ होत नाही, ‘ब्रेक’ किंवा ‘एंड’ होते. निवेदन म्हणजे ‘मेमोरँडम’, आणि ते ‘सबमिट’ करतात. मायकल लुईस यांनी १९९३ मध्ये ‘द लेक्सिकल अप्रोच’ या पुस्तकात हाच मुद्दा मांडला, की भाषा बऱ्याच अंशी अशा तयार जोड्यांची असते. आपल्या मुलाला तो पटवायला मराठी पेपराचे एक पान पुरते.

आता मूळ मुद्दा. कोणती बातमी वाचायची? मुले जगभरच्या बातम्या आणि अग्रलेखाचे पान यांच्यावर तुटून पडतात, कारण परीक्षेत तेच येते असे त्यांना सांगितलेले असते. शब्दसंग्रहावरच्या पॉल नेशन यांच्या कामातले दोन आकडे आपण सगळ्यांनी भिंतीवर लावावेत असे आहेत. इंग्रजीतले सर्वांत नेहमीचे २,००० शब्द वर्तमानपत्राचा सुमारे ८० टक्के मजकूर व्यापतात. आणि मदतीशिवाय मजकूर नीट कळायला ९८ टक्के शब्द ओळखीचे लागतात. त्यासाठी ८,००० ते ९,००० शब्दकुळे (मूळ शब्द आणि त्याची रूपे मिळून एक कूळ) यावी लागतात. म्हणजे शाळेतून २,००० शब्द घेऊन आलेल्या मुलाला पेपरातला दर पाचवा शब्द अनोळखी. पाचात एक अंधार असेल तर ‘संदर्भावरून अर्थ ओळख’ हा आपला सल्ला त्याच्या काय कामाचा? संदर्भच त्याच्या हाती नाही.

तो त्याच्या हाती आधीच असेल अशी बातमी निवडली तर चित्र बदलते. मी हे इथे इंदुरात, एका बातमीवर, वर्गात पाहिले आहे.

हुकुमचंद मिल १९९२ मध्ये बंद पडली. कामगारांचे पैसे अडकले आणि कोर्टकचेरीत तीन दशके गेली. २५ डिसेंबर २०२३ रोजी सुमारे २२४ कोटी रुपयांचा धनादेश लिक्विडेटर आणि कामगार संघटनेच्या प्रमुखांकडे देण्यात आला. ४,८०० कामगारांचा प्रश्न होता. त्या आठवड्यात मी हिंदी पेपरातले वृत्त आणि इंग्रजी वृत्त एका कागदावर शेजारी-शेजारी चिकटवून वर्गात वाटले. मागच्या बाकावर परदेशीपुऱ्यातला एक मुलगा बसायचा. इंग्रजीच्या तासाला त्याने कधी तोंड उघडले नव्हते. त्याचे आजोबा त्या मिलमध्ये होते. ‘ड्यूज’ हा शब्द त्याने मला विचारला नाही, मलाच सांगितला: “सर, म्हणजे देणी. पण हा नेहमी अनेकवचनी दिसतोय.” नियम त्याने स्वतः काढला होता. मग त्याने मजकुरातून सोबतीही वेचले. ड्यूज ‘पेंडिंग’ असतात, ‘क्लिअर’ होतात, ‘सेटल’ होतात. मिल ‘क्लोज्ड’ तर आहेच, शिवाय ‘डिफंक्ट’ आहे. या दोन शब्दांतला फरक त्याने वर्गाला हिंदीत समजावला: दुकान रात्री बंद होते ते पहिले, आणि आजोबांची मिल ते दुसरे. कोशातला अर्थ वाचून मी यापेक्षा चांगले सांगू शकलो नसतो. त्या एका कागदातून वर्गाच्या हाती चौदा जोड्या लागल्या. मार्चमध्ये वसतिगृहाच्या खानावळीच्या थकबाकीबद्दल एका मुलीने पत्र लिहिले, त्यात ‘क्लिअर द ड्यूज’ अगदी सहज आले.

तेव्हापासून मी आधी ठाऊक असलेलीच बातमी घेतो. ३१ मे २०२५ रोजी इंदूरची मेट्रो सुरू झाली ती बातमी घेतली. ‘फ्लॅग्ड ऑफ’ म्हणजे काय, हे हिरवा झेंडा पाहिलेल्या मुलांना विचारावे लागले नाही. त्याच दिवशी अहिल्यादेवींची तीनशेवी जयंती होती, म्हणून ‘बर्थ अॅनिव्हर्सरी’ही भेटली. हा प्रयोग आपल्या देशातल्या इंग्रजीत रुळला तो जयंतीसाठी. लाख, कोटी, बंद, घेराव, लाठीचार्ज यांचेही तसेच. ही आपली इंग्रजी आहे आणि तिची लाज वाटू नये. मात्र बाहेरचा वाचक काही ठिकाणी अडेल, एवढी खूण शिक्षकाने शब्दाशेजारी करून द्यावी.

एक बातमी आठवडाभर धरून ठेवली तर लाभ दुप्पट होतो. स्टीफन क्रॅशन यांनी १९८१ मध्ये एकाच विषयावर किंवा एकाच लेखकाचे पुष्कळ वाचण्याची शिफारस केली होती. कारण साधे आहे, तेच शब्द पुन्हा भेटतात. सोमवारी ‘लाँच्ड अ प्रोब’, बुधवारी ‘द प्रोब रिव्हील्ड’, शनिवारी ‘प्रोब रिपोर्ट’. रोज पाच नव्या विषयांवरचे पाच शब्द काढणाऱ्या वहीत हे पुनर्मीलन कधीच घडत नाही. म्हणून ते सातशे शब्द त्या मुलाच्या वहीतच राहिले.

हे काम करायला आपल्या शहरासारखे शहर नाही. ‘नई दुनिया’ १९४७ मध्ये इथेच निघाला. मराठी घरातले राहुल बारपुते त्याचे संपादक होते. राजेंद्र माथुर गुजराती कॉलेजात इंग्रजी शिकवत आणि त्याच पत्रात परराष्ट्र घडामोडींवर हिंदीत लिहीत. इंग्रजीचा मास्तर दुसऱ्या भाषेचा उत्तम पत्रकार होतो, हे इंदूरने पाहिले आहे. वृत्तसंस्थेची इंग्रजी तार हिंदी वाचकाच्या तोंडी बसेल अशी करणाऱ्या उपसंपादकाच्या मेजाला मी भाषेची खरी शाळा मानतो. तिथे शब्दाला शब्द ठेवून भागत नाही. वर्गात आपण तेच मेज उलट्या दिशेने लावू शकतो: हिंदी किंवा मराठी बातमी द्यावी, मुलांनी ती इंग्रजीत लिहावी, मग छापलेली इंग्रजी बातमी शेजारी ठेवून आपण कुठे हुकलो ते स्वतः शोधावे. मराठी घरांत तर्खडकरांची भाषांतर पाठमाला पिढ्यान् पिढ्या चालली. भाषांतर वर्गाबाहेर काढले पाहिजे, हे प्रशिक्षण शिबिरांत ऐकून आपण ते फार घाईने सोडले, असे मला आता वाटते.

या अंकापासून मधली दोन पाने आम्ही ‘दर्पण’सारखी, दोन स्तंभांत छापत आहोत. पहिली बातमी हुकुमचंद मिलचीच आहे. पुढची आपल्याकडून हवी आहे: आपल्या गावची, मुलांच्या घरात बोलली गेलेली, दोन्ही भाषांतल्या कात्रणांसह. मुलांनी वेचलेल्या जोड्या त्यांच्याच अक्षरात असल्या तरी चालतील, चुकलेल्या असल्या तर त्याही खोडू नका. कात्रणामागे तारीख लिहायला तेवढे विसरू नका.