लेकीला उपदेश, लेकाला उतारा

पदवीचे निकाल लागले की निपाणीच्या स्टँडवर पाठीला सॅक लावलेल्या मुली दिसू लागतात. अर्जुननगरच्या देवचंद कॉलेजातून नुकत्याच बाहेर पडलेल्या. घर कर्नाटकात, कॉलेज हद्दीपलीकडे कागल तालुक्यात, नोकरी पुण्यात नाहीतर बेंगळुरात. बस हलेपर्यंत आईबापांचं सांगणं चालूच असतं : "नीट राहा. कुणाशी जादा बोलू नको. रूमवर वेळेत जा. घराण्याला बट्टा लावू नको." त्याच बसने मुलगा निघाला असेल तर बाप म्हणतो, "पैसे कमी पडले तर सांग."

मुलीला दिलेल्या या उपदेशात घराण्याची अब्रू आहे, जातीची, भावकीची भीती आहे. तिचं स्वतःचं त्यात काहीच नाही.

यातल्या कितीतरी पोरींची फी आईच्या विड्यांतून भरलेली असते. मांडीवर सूप घ्यायचं, भिजवलेलं पान कात्रीनं मापात कापायचं, चिमूटभर तंबाखू घालून वळायचं, तोंड मुडपून दोरा गुंडाळायचा. असं हजार वेळा केल्यावर कुठे एक हिशेब पुरा होतो. त्यातल्याही काही विड्या वाईट म्हणून बाजूला काढल्या जातात आणि त्यांची मजुरी बुडते. अशी सगळी हयात काढलेल्या बाईचं नाव घराच्या उताऱ्यावर शोधून पाहा. बहुतेक घरांत सापडणार नाही. आणि तिच्याच तोंडून आपण लेकीला सोसायला शिकवतो.

याच गावात तंबाखूच्या वखारींत धुरळा खाणाऱ्या बायका 1980 च्या सुमारास एकत्र आल्या, मजुरीसाठी आणि माणसासारख्या वागणुकीसाठी मालकांसमोर उभ्या राहिल्या. त्यांच्यावर 1982 साली माहितीपट निघाला. त्यांच्या नातींना आज आपण सांगतो, मान खाली घालून राहा.

आपण सीमाभागातली माणसं. 1 नोव्हेंबर 1956 ला हा मराठी मुलूख कन्नड राज्यात घालून आपल्यावर अन्याय झाला हे इथल्या पोरालाही पाठ आहे. दरवर्षी आपण काळा दिवस पाळतो, आणि तो पाळायचा आपल्याला पुरा अधिकार आहे. पण त्याच 1956 च्या जूनमध्ये हिंदू उत्तराधिकार कायदा लागू झाला आणि बापाच्या मागे त्याच्या मिळकतीत मुलीला वाटा मिळाला. तो दिवस कुणाला आठवतो? 1994 मध्ये कर्नाटकानं आणि महाराष्ट्रानं, दोन्ही राज्यांनी, वडिलोपार्जित मिळकतीत अविवाहित मुलीला मुलाच्या बरोबरीला आणलं. 2005 च्या दुरुस्तीनं लग्न झालेल्या मुलीलाही तोच हक्क देशभर दिला. 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की हा हक्क जन्मानं मिळतो, 2005 साली बाप हयात असण्याची गरज नाही. सीमेवरून भांडणारी ही दोन सरकारं मुलीच्या वाट्यावर कधीच एकमत झाली आहेत. अडून बसलोय ते आपण.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर 1925 मध्ये निपाणीत बहिष्कृत परिषदेला आले होते. मुलीला वारसा देणारं हिंदू कोड बिल रखडवलं म्हणून याच माणसानं 1951 मध्ये मंत्रिपद सोडलं. आपण त्यांच्या तसबिरीला हार घालतो, आणि लग्नानंतर वर्षा-दोन वर्षांत लेकीला माहेरी बोलावून, पुरणपोळी वाढून, साडी देऊन सब-रजिस्ट्रारच्या कचेरीत हक्कसोड पत्रावर सही करायला उभी करतो. तिनं का म्हणून विचारलं तर "भाऊ तुटेल, माहेर तुटेल" असं बजावतो. लग्नात खर्च केला म्हणायचा, तर तो मानपानावर झाला, तिच्या नावावर झाला नाही. बेळगावात हक्कासाठी घोषणा देणारा माणूस घरी येऊन सख्ख्या बहिणीचा हक्क लिहून घेतो, यापेक्षा मोठी लबाडी मला ठाऊक नाही.

यंदा मुलगी घराबाहेर पडत असेल तर स्टँडवर तिला एवढं सांगा : पगार तुझ्या खात्यात ठेव. लग्न कधी आणि कुणाशी, हे तू ठरव. जमीन असो की दोन खोल्या, या घरात तुझा भावाइतकाच वाटा आहे. तो सोडून दे म्हणून आम्ही कधी कागद पुढे करणार नाही. आणि शेजारी उभ्या असलेल्या तिच्या भावालाही तिच्यादेखत सांगा, की बहिणीचा वाटा तुझा नाही.