बोटीचा पहिला दिवस आणि आपला बुफे

गेल्या महिनाभरात तिघांनी मला एकच प्रश्न विचारला. "अरे, तुम्ही सिंगापूरहून क्रूझ केलीत ना? पहिल्या दिवशी नक्की काय काय असतं रे?" तिघांनाही फोनवर अर्धा-अर्धा तास तेच तेच सांगून घसा बसला, म्हणून म्हटलं एकदाच लिहून टाकावं. पण आधीच सांगतो मंडळी, हे प्रवासवर्णन नाही. सूर्यास्ताचे फोटोही टाकणार नाहीये. ही तक्रार आहे, आणि ती बोटीबद्दल कमी आणि आपल्याबद्दल जास्त आहे.

आधी कामाचं बोलून घेऊ. बोट संध्याकाळी सुटणार असली तरी तुम्हाला दुपारची एक ठरावीक वेळ दिलेली असते. त्याच वेळेला जा. लवकर गेलं की पुढे नंबर लागतो हा आपला एस.टी. स्टँडवरचा अनुभव तिथे चालत नाही, नुसतं ताटकळत बसावं लागतं. मोठ्या बॅगांना केबिनच्या नंबरचे टॅग लावायचे आणि टर्मिनलच्या दारातच त्या सोपवून द्यायच्या. त्या थेट संध्याकाळी केबिनच्या दारात उगवतात. त्यामुळे औषधं, पासपोर्ट, चष्मा, पोरांचे एक जोडी कपडे आणि बोट लागण्यावरची गोळी हातातल्या पिशवीत ठेवायची. इस्त्री आणि एक्स्टेन्शन बोर्ड नेऊ नका, आगीच्या भीतीने काढून घेतात. व्हिसाचं घरीच बघून ठेवा. सिंगापूरहून बोट सुटली की कागदोपत्री तुम्ही तो देश सोडलेला असतो आणि चार दिवसांनी परत येता तेव्हा नव्याने प्रवेश करता. एकाच प्रवेशाचा व्हिसा असेल तर धक्क्यावरूनच घरी यायची वेळ येते.

मग सामानाची तपासणी, पासपोर्टची तपासणी आणि हातात एक कार्ड. हे कार्ड म्हणजे केबिनची किल्ली, ओळखपत्र आणि उधारीची वही, तिन्ही एकात. बोटीवर रोख पैसे चालत नाहीत, कार्ड दाखवलं की खात्यावर चढतं. शेवटच्या दिवशी बिल बघून आपला चेहरा कसा होतो त्यावर वेगळी पोस्ट लिहीन कधीतरी :) केबिन लगेच मिळत नाही, साफसफाई चालू असते. मग सगळे जातात कुठे? बुफेला!

आणि इथून माझी तक्रार सुरू होते.

आमचा तीसेक जणांचा ग्रुप होता. टूर मॅनेजर मुलगा गोड स्वभावाचा, सगळ्यांना काका-काकू करणारा. त्याने बोटीवर पाय ठेवल्या ठेवल्या बुफे कितव्या डेकवर, जैन जेवण कुठल्या काउंटरवर, रात्रीच्या शोला कुठून घुसलं की पुढची जागा मिळते, हे सगळं पाठ म्हणून घेतलं. आणि शेवटी म्हणाला, "ते सेफ्टी ड्रिलचं काही टेन्शन घेऊ नका. फोनवर एक व्हिडिओ आहे, तो चालू करून ठेवून द्या. मग खाली जाऊन कार्ड स्कॅन केलं की झालं. दोन मिनिटांचं काम." माझ्या आईकडे बघून म्हणाला, "आजी, तुम्ही कशाला गुडघे दुखवताय? तुमचं कार्ड माझ्याकडे द्या, मी आणतो स्कॅन करून."

खरं सांगतो, मी ते कार्ड त्याच्या हातात दिलं. मला तेव्हा त्यात काही गैर वाटलं नाही. उलट वाटलं, किती काळजी घेतोय बिचारा.

दहा मिनिटांत तो तोंड पाडून परत आला. खाली जी मुलगी उभी होती, तिने कार्ड स्कॅन करायला साफ नकार दिला होता. कार्डाबरोबर माणूस हवा म्हणाली. आमच्या ग्रुपमधले एक गृहस्थ लगेच, "या लोकांना पैसे घेताना बरं काही आठवत नाही!" वगैरे. मीही वैतागलोच. पण गेलो आईला घेऊन.

ती मुलगी निघाली मडगावची. आईची काठी बघितल्यावर तिने स्कॅनर बाजूला ठेवला आणि कोकणी-मराठी मिसळून विचारलं, "आज्जी, तुमची केबिन खंयच्या डेकार?" आई म्हणाली, दहाव्या. आणि आम्ही उभे होतो चौथ्या डेकवर. ती म्हणाली, "भोंगा वाजला तर लिफ्ट वापरायची नाही. सहा मजले जिना उतरणार कशा?"

मंडळी, मी सुन्न झालो. ४५ वर्षांचा शिकलेला माणूस मी. दोन महिने या सहलीची तयारी केली, आईसाठी मऊ चपला, राजगिऱ्याचे लाडू, गरम पाण्याची पिशवी सगळं आठवणीने घेतलं. हा एक प्रश्न माझ्या डोक्यात आला नव्हता. त्या मुलीने आईचं नाव मदत लागणाऱ्यांच्या यादीत घातलं. जिन्यावरून माणसाला उतरवायची खास खुर्ची असते, आणि अशा प्रवाशांसाठी कर्मचारी नेमलेले असतात, हे तेव्हा कळलं. माझ्या लेकीच्या मनगटाला तिने जमण्याच्या जागेचा नंबर असलेला पट्टा बांधला, म्हणजे पोर आमच्यापासून चुकलं तरी तिला कुठे न्यायचं ते कोणालाही कळावं. कार्ड परस्पर स्कॅन झालं असतं तर यादीत आई "हजर" असती, आणि खरोखरची वेळ आली असती तर दहाव्या डेकवर पलंगावर बसून असती.

आता कोणी म्हणेल, वेळ येते कुठे रे एवढी? १३ जानेवारी २०१२. 'कोस्टा कॉन्कॉर्डिया' ही बोट इटलीच्या चिविटावेक्किया बंदरातून संध्याकाळी निघाली. तीन तासही झाले नव्हते, जिल्यो बेटाजवळ खडकावर आपटली. बोटीवर चार हजारांवर माणसं. त्या दिवशी नव्याने चढलेल्या शेकडो प्रवाशांचा सराव झालाच नव्हता, तो दुसऱ्या दिवशी ठरलेला होता. कायद्याने चोवीस तासांची मुभा होती ना! प्रवाशांना आधी सांगितलं की विजेचा बिघाड आहे, आणि बोट सोडण्याचा हुकूम यायला तासाभराहून जास्त वेळ गेला. ३२ जण गेले. त्यांतला सर्वांत शेवटी, २०१४ च्या नोव्हेंबरमध्ये, ज्याचे अवशेष सापडले तो बोटीवर वेटरचं काम करणारा आपल्या मुंबईचा तरुण होता. आपलं लाइफ जॅकेट त्याने दुसऱ्याला दिलं, असं तेव्हाच्या बातम्यांत आलं होतं.

यानंतर 'सोलास' हा समुद्री सुरक्षेचा आंतरराष्ट्रीय करार बदलला. (हा करार मुळात टायटॅनिकनंतर १९१४ साली झाला. समुद्रावरचे नियम असे माणसं बुडल्यावरच सुधारतात.) १ जानेवारी २०१५ पासून हा सराव बोट सुटण्याआधी किंवा सुटताक्षणी झालाच पाहिजे असं ठरलं. म्हणजे पहिल्या दिवशीचा तो "दोन मिनिटांचा" कंटाळा ३२ जिवांच्या मोबदल्यात आलेला आहे.

माझा दुसरा राग या फोनवरच्या व्हिडिओवर आहे. पूर्वी सगळ्यांना एकाच वेळी जमवून सराव व्हायचा. कोविडनंतर बऱ्याच कंपन्यांनी 'बघा व्हिडिओ आणि या स्कॅन करून' ही पद्धत आणली. तिचे फायदे आहेत, हे मान्य करतो. तासभर दाटीवाटीत उभं राहण्यात म्हाताऱ्या माणसांचे हालच व्हायचे, आणि त्या गोंगाटात मागच्यांना काही ऐकू जायचं नाही. व्हिडिओ निदान शांतपणे, परत परत बघता येतो. पण बघतं कोण? आमच्या टेबलवर सहा फोनवर तो व्हिडिओ एकाच वेळी चालू होता, आवाज बंद करून, ताटांच्या शेजारी. सात आखूड आणि एक लांब भोंगा म्हणजे काय, हे त्या सहांपैकी एकालाही सांगता आलं नाही. मी विचारलं म्हणून सांगतोय. बुफे बंद ठेवा ना मग तेवढा अर्धा तास! जुन्या पद्धतीत तेवढं तरी होत असे.

पण कंपनीला किती बोलणार? शेवटी कार्ड दिलं मीच. आणि समुद्र आपल्याला नवा आहे का? १७ जुलै १९४७ ला, गटारी अमावास्येच्या दिवशी, भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली 'रामदास' बोट बुडाली आणि सहाशेच्या वर माणसं गेली. अलिबागकडच्या म्हाताऱ्या माणसांच्या तोंडून ती गोष्ट आपण ऐकत आलो. आणि १८ डिसेंबर २०२४ ला, सत्त्याहत्तर वर्षांनी, गेटवेहून घारापुरीला चाललेल्या 'नीलकमल'ला नौदलाची स्पीडबोट धडकली, तेव्हाही बहुतेकांच्या अंगात जॅकेट नव्हतं. डझनभराहून जास्त माणसं गेली. त्यानंतर जॅकेट सक्तीचं झालं. त्यानंतर! मला सांगा, सक्ती होण्याआधी आपल्यापैकी कितीजणांनी घारापुरीच्या लाँचवर जॅकेट मागून घेतलं होतं? मी तरी नाही. फोटो चांगला येत नाही ना त्यात.

आपल्याकडे नियम चुकवणाऱ्याला हुशार म्हणतात आणि पाळणाऱ्याला बावळट. रस्त्यावर एकवेळ नशीब साथ देतं, पाण्यावर तेवढी खात्री नाही.

असो. तर ज्या तिघांनी विचारलं त्यांच्यासाठी. बोटीवर चढलात की आधी खाली जा, स्वतः, घरातल्या प्रत्येकाला घेऊन. जमण्याची जागा बघा. चालू शकणाऱ्यांनी तिथून केबिनपर्यंत एकदा जिन्यानेच वर या, दमलात तरी चालेल. कपाटातलं जॅकेट काढून एकदा अंगात घालून बघा, पोरांचं त्यांच्या मापाचं आहे का तेही. घरात कोणाचे गुडघे, कान किंवा डोळे अधू असतील तर लाजू नका, त्याच दिवशी सांगून ठेवा. आणि समोर उभी असलेली मुलगी अडून बसली तर तिच्यावर डाफरू नका. वेळ आली तर तुमच्या आईला खुर्चीत घालून जिन्याने उतरवणारी तीच आहे, आणि तीही कोणाची तरी लेक आहे, मडगावला तिची आई वाट बघतेय.

मग जा खुशाल बुफेला. संपत नाही तो. आम्ही गेलो तेव्हा गुलाबजामसुद्धा शिल्लक होते.