सांध्यांना मुदत द्या

नऊ वर्षांच्या खंडानंतर गतवर्षी मी व्यायामशाळेत पुन्हा पाऊल टाकले, तेव्हा खांद्यावर ८० किलो घेऊन बैठका मारल्याची नोंद असलेली जुनी वही सोबत नेली होती; आणि पाचव्याच आठवड्यात ६० किलोंपर्यंत मजल गेली, मांड्या पुन्हा भरू लागल्या, या समाधानात असतानाच एके दिवशी जेवून पाटावरून उठताना उजव्या गुडघ्याच्या वाटीखाली अशी कळ आली की, भिंतीचा आधार घेतल्यावाचून उभे राहता येईना.

त्यावर एका डॉक्टरांनी, या वयात वजनांचा नाद सोडा, असा निकाल दिला. आणि व्यायामशाळेतील एका तरुण शिक्षकाने, दुखले तरी थांबू नका, असा आग्रह धरला. हे दोन्ही सल्ले सारखेच अनर्थकारक आहेत, हे माझे अनुभवान्ती झालेले मत आज मांडणे अगत्याचे वाटते. कारण पन्नाशीच्या आसपास पुन्हा व्यायामाकडे वळणारी कितीतरी माणसे पहिल्या दुखण्यासरशी तो कायमचा सोडून देतात.

या दुखण्याचे मूळ शरीराच्या घडणीतच आहे. एकदा कमावलेला स्नायू पूर्वीच्या मेहनतीची खूण आपल्या ठायी राखून ठेवतो, आणि त्यास रक्ताचा पुरवठा मुबलक असल्यामुळे काही आठवड्यांतच तो पूर्ववत जोर धरू लागतो; परंतु त्याला हाडाशी जखडणाऱ्या कंडरेला रक्त बेताचेच मिळते, सांध्यातील कूर्चेत तर रक्तवाहिन्या मुळीच नसतात, आणि म्हणून या दोहोंना नव्या भाराशी जुळवून घेण्यास महिन्यांची मुदत लागते. स्नायूने परस्पर मंजूर केलेला भार सांध्याच्या माथी बसतो, आणि सांधा दुखण्याच्या रूपाने आपली फिर्याद गुदरतो. ती दप्तरी दाखल करून घेऊन भार कमी करणे हाच न्याय होय. व्यायाम अजिबात बंद करणे हा न्याय नव्हे, कारण कूर्चा दाबली जाऊन मोकळी होते तेव्हाच सांध्यातील वंगणातून तिला पोषण मिळते.

वजने सांध्यांची वैरी आहेत, ही समजूत तर इतिहासालाही धरून नाही. दुसऱ्या महायुद्धात जायबंदी झालेल्या सैनिकांचे दुबळे गुडघे सावरण्यासाठीच थॉमस डीलॉर्म या अमेरिकन लष्करी डॉक्टराने क्रमाक्रमाने वाढत्या वजनांचा उपचार योजला आणि १९४५ साली तो प्रसिद्ध केला. आमच्या गावच्या तालमीतले वस्तादही आजारातून उठलेल्या गड्यास पहिल्या दिवशी केवळ हौद्यातली माती उकरावयास लावीत, आणि जोरांची गणती पुढे पाच-पाचांनीच वाढवीत.

मीही जुनी वही कपाटात ठेवली आणि २० किलोंच्या रिकाम्या दांडीपासून आरंभ केला. खाली जाताना मनात चार अंक मोजावयाचे, दर पंधरवड्यास अडीच किलोंहून अधिक वाढवावयाचे नाही, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी जिना उतरताना गुडघा काय सांगतो ते ऐकूनच पुढचे वजन ठरवावयाचे, असा नियम केला. किंचित दुखून रात्रीत शमले तर तेच वजन कायम ठेवावे. सकाळी कालच्याहून अधिक दुखले तर ते उतरवावे. आणि सांधा सुजला, अडकला, लचकून दगा देऊ लागला किंवा रात्री झोप मोडू लागला तर मात्र विनाविलंब डॉक्टरांकडे जावे.

माझी मागणी एवढीच आहे की, व्यायामशाळांनी प्रवेशाच्या अर्जावर खंड किती वर्षांचा पडला हे विचारावे व त्या मानाने आरंभीचे वजन ठरवावे, आणि डॉक्टरांनी सरसकट मनाईहुकूम काढण्याऐवजी, कोणते वजन, किती वेळा, किती सावकाश, हे औषधाच्या मात्रेप्रमाणे लिहून द्यावे.

पाच आठवड्यांत गाठलेल्या ६० किलोंपर्यंत पुन्हा पोहोचावयास मला आठ महिने लागले. त्या दिवशीही जेवून पाटावरून उठलो. भिंतीकडे हात गेला नाही.