अनुदान मागून, खर्च आधी

वैशाखात सुलतानपूर भागात पत्र्याखाली बसवत नाही. कूलर लावावा तर वीजबिल वाढते. २०२४ साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री सूर्यघर योजनेत छतावरच्या २ किलोवॅट सौरसंचाला ६० हजार, ३ किलोवॅटला ७८ हजार रुपये केंद्राचे अनुदान ठरले. पण ते संच चालू झाल्यावर खात्यात येते. आधीचा पैसा आणायचा कोठून? बँका कर्ज देतात म्हणे. पण पीककर्ज थकलेल्याला दारात कोण उभे करतो?

बेणे-खत उधारीवर देऊन ऊसबिलातून वसूल करण्याची रीत कारखान्यांना नवी नाही. तशीच संचासाठी उचल द्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे. अनुदान आले की तेवढी रक्कम भरावी, उरलेली दोन हंगामांत कापावी. नाहीतर ज्याच्या गाठीला पैसा, त्यालाच अनुदान!
— ऊस विकास अधिकारी